कपाटातला कागद

प्राचीन अथेन्स नगरीत अथेना देवीपुढे एक सोन्याचा दिवा होता. एकदा तेल घातले की तो वर्षभर अहोरात्र तेवत राही, आणि त्याची वात काही जळत नसे, असे पॉसेनियस नावाच्या प्रवाशाने दुसऱ्या शतकात लिहून ठेवले आहे. ती वात ॲस्बेस्टॉसची असावी, असे जाणकार मानतात. या शब्दाचा ग्रीक अर्थच मुळी ‘न विझणारा’ असा. जातीने दगड, पण कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत काढता येते, कापड विणता येते आणि अग्नी त्याचे काही वाकडे करू शकत नाही. दिवाळीच्या वाती वळीत बसलेल्या एखाद्या आजीला हे सांगितले, तर ती म्हणेल, “अगोबाई, मग इतकी वर्षे मी हात कशाला दुखवून घेतले?”

वाफेची यंत्रे आली तेव्हा कारखानदारांनाही असेच वाटले असणार. बॉयलर, वाफेचे नळ, बोटींची इंजिने, या सर्वांची उष्णता आतल्या आत राहावी म्हणून त्यांना जे जाड वेष्टण घालतात, त्याला आपल्या गिरण्यांत नि गोदीत लॅगिंग म्हणतात. या कामासाठी ॲस्बेस्टॉससारखा पदार्थ नाही. अमेरिकेत १९०१ साली दोन कंपन्या एकत्र येऊन जॉन्स-मॅनव्हिल कंपनी झाली आणि या धंद्यात ती अग्रेसर ठरली.

परंतु पिंजायचे म्हटले की धूळ आलीच. ज्या गुणासाठी या पदार्थाचे एवढे कौतुक, तोच गुण छातीत गेल्यावर वैरी होतो. तो जळत नाही, कुजत नाही, विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात, आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी माणसाला जिना चढवेनासा होतो. कित्येकांना कर्करोग होतो. इंग्लंडमध्ये सरकारी पाहणी होऊन १९३० साली अहवाल निघाला, १९३१ साली धुळीबाबत नियमही झाले. म्हणजे ही गोष्ट गुप्त होती असे नाही. ती ज्याच्या छातीत चालली होती त्याच्यापुरती मात्र गुप्त होती.

१९३५ सालच्या ऑक्टोबरात या धंद्यातल्या दोन थोर गृहस्थांमध्ये पत्रव्यवहार झाला. एक होते रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे अध्यक्ष सम्नर सिम्प्सन, दुसरे जॉन्स-मॅनव्हिलचे वकील व्हँडिव्हर ब्राउन. ॲस्बेस्टॉसच्या व्यापाराला वाहिलेल्या एका मासिकाला या रोगाविषयी काही छापावे असे वाटत होते. सिम्प्सन यांनी लिहिले की, या विषयावर जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे. ब्राउन यांनी दुजोरा दिला. ही पत्रे कोर्टाच्या कामात बाहेर आली १९७७ साली, बेचाळीस वर्षांनी.

या पत्रांचा मला राग येतो, पण ती मला कोड्यात टाकीत नाहीत. लोभाचे गणित सोपे असते. मला अडवते ते दुसरेच टिपण. १९४९ साली जॉन्स-मॅनव्हिलच्या कॅनडातील खाणीवर डॉ. केनेथ स्मिथ हे वैद्यकीय अधिकारी होते. क्ष-किरणांच्या चित्रात ज्यांच्या फुप्फुसांवर खुणा दिसल्या, पण ज्यांना अद्याप त्रास काही नव्हता, अशा कामगारांविषयी त्यांनी कंपनीला कळवले की, त्यांना हे सांगू नये. त्यांना बरे वाटते आहे तोवर त्यांनी सुखाने जगावे, काम करावे, आणि त्यांच्या अनुभवाचा कंपनीलाही लाभ व्हावा.

यातला पहिला अर्धा भाग आपल्या घरातला आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आपल्याकडे रोग्याला खरे कोण सांगतो? माझ्या काकांना पोटाचा असाध्य विकार झाला, तेव्हा डॉक्टरांचा कागद काकूंनी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच ताकीद मिळे, “त्यांना अल्सर म्हणून सांगितलंय हं.” काका शेवटपर्यंत अल्सरचे पथ्य पाळीत राहिले. त्यांना ठाऊक होते की नव्हते, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. त्या बाईला मी खोटारडी म्हणणार नाही, कोणी म्हटले तर ऐकूनही घेणार नाही.

मग डॉक्टर स्मिथांनाच का दोष द्यायचा? दोघांच्याही कपाटात कागद, दोघांच्याही तोंडी त्या माणसाच्या सुखाची भाषा.

मी यावर पुष्कळ विचार केला, आणि मला दिसते ते असे. काकूंच्या मौनाची किंमत काकू भरीत होत्या. रात्र-रात्र जागून, चेहरा हसता ठेवून, न्हाणीघरात जाऊन रडून. कंपनीच्या मौनाची किंमत ज्याच्यापासून ते राखले, तोच भरीत होता, आणि फायदा मौन राखणाराच्या खात्यावर जमा होत होता. दुसरी गोष्ट अशी की काकांच्या बाबतीत करण्यासारखे काही उरले नव्हते. खाणीतल्या माणसाची धूळ मात्र चालूच होती. काकूंनी कागद लपवला, पण रोज विष वाढून तर दिले नाही!

माझे एक वकील मित्र म्हणतात, “अहो, सांगितले असते तरी त्या बिचाऱ्यांनी काय केले असते? पोट कोणाला सुटले आहे?” युक्तिवाद खोटा नाही. पुष्कळांनी नोकरी सोडली नसती. परंतु पोटासाठी जीव धोक्यात घालणे आणि आपला जीव दुसऱ्याने आपल्या नकळत पणाला लावणे, या दोन गोष्टी एक कशा? पहिलीत निदान तो माणूस स्वतः हजर असतो.

टेक्सासमधील बोरेल खटल्यात हे फार स्पष्ट दिसते. बोरेल १९३६ ते १९६९ अशी तेहतीस वर्षे लॅगिंगचे काम करीत होता. दिवसअखेर नाकातून मूठमूठ धूळ निघे, ती घशात उतरू नये म्हणून तो कधी कधी नाकपुड्यांत मलम लावी. त्याने साक्षीत सांगितले की, धूळ वाईट हे आम्हांला कळत होते, ती फुप्फुसात विरघळते की नाही यावर आम्ही कामगार वादही घालीत असू. आपल्याला ती विरघळते असेच वाटे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. इकडे माणसे धुळीत उभी राहून आपल्या फुप्फुसांविषयी तर्क लढवीत आहेत, आणि तिकडे त्याचे उत्तर कुणाच्या तरी खणात पडून आहे! न्यूयॉर्कच्या डॉ. सेलिकॉफ यांनी ६३२ लॅगिंग-कामगारांची पाहणी १९६४ साली प्रसिद्ध केली, तोवर बोरेलची बहुतेक नोकरी सरली होती. तो १९७० साली वारला. जॉन्स-मॅनव्हिलसह ॲस्बेस्टॉसच्या उत्पादकांना धोक्याची सूचना न दिल्याबद्दल जबाबदार धरणारा निकाल अपील कोर्टाने १९७३ साली कायम केला. उत्पादकाला आपल्या मालाविषयी तज्ज्ञाइतके ज्ञान असलेच पाहिजे, ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

त्यानंतर दाव्यांचा पूर आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या कंपनीने, कोट्यवधींची मालमत्ता हाती असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. सोळा हजारांवर दावे उभे होते. पण भीती त्यांची नव्हती, भीती होती पुढे येणाऱ्यांची. येथे कायद्यापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या छातीत तंतू शिरले आहेत, पण ज्यांना अजून खोकलाही नाही, ते सावकार आहेत की नाहीत? त्यांना स्वतःलाच आपले येणे ठाऊक नाही. कोर्टाने १९८४ साली अशा अज्ञात लोकांच्या वतीने बोलण्यासाठी एक प्रतिनिधी नेमला. आपल्या चित्रगुप्ताशिवाय असे खाते कोणी उघडल्याचे मी ऐकले नव्हते. १९८८ साली विश्वस्त निधी स्थापन झाला, थोड्याच काळात त्याचे पैसे आटले, आणि १९९५ पासून रोग्यांना ठरल्या रकमेच्या शेकडा दहा मिळू लागले. कंपनी आजही आहे, वेष्टणेच करते, अर्थात ॲस्बेस्टॉसची नव्हेत. पत्रे लिहिणारे केव्हाच गेले.

आपण हे परक्यांचे म्हणून वाचू नये. सिमेंटचे पत्रे म्हणून आपण जे छपरावर घालतो, त्यांत कित्येकदा हाच दगड असतो. परदेशातून तो येत राहिला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून निदान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांत जे उशिराचे असेल तोवर जपावी, असा आदेश दिला. त्या वर्षी विशीत कामाला लागलेला मुलगा आज पन्नाशीत आहे. त्याचा कागद २०३५ पर्यंत तरी कुठल्या तरी कपाटात असलाच पाहिजे. तो त्याला कोणी वाचून दाखवला आहे का, एवढे मला कळायला हवे आहे.