देव थांबला, आई थांबली

सज्जनहो, पुंडलिकाची कथा आपल्याला नवी नाही. आईबापांचे पाय चेपीत बसलेला पुंडलिक, आणि दारी साक्षात वैकुंठीचा राणा! पुंडलिक उठला काय? छे. हाताशी वीट होती ती मागे सारली. म्हणाला, देवा, यावर उभे राहा, सेवा चालली आहे. देव उभा राहिला, तो अजून उभाच आहे.

आता आपल्या घरात या. म्हातारी आई जेवताना सांगू लागते, "अरे, काल रात्री छातीत जरा..." तोच मोबाईल वाजतो. आपण हाताने तिला थांबवितो आणि फोन कानाला लावतो. पुंडलिकाने आईबापांसाठी देवाला थांबविले. आपण कोणासाठी कोणाला थांबवितो?

यंत्राला मी दोष देत नाही बरे! 2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या नि तुकोबारायांच्या पादुका एस्. टी.ने पंढरीस गेल्या. तेव्हा याच काचेवर सोहळा पाहून आपण डोळे पुसले. परमुलखातल्या लेकाचे तोंड ज्या माउलीला यात दिसते, तिला विचारा मोबाईलची किंमत.

पण माझेच सांगतो. एका वारीत चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण लागले. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. हे बघ अश्व, ह्या बघ पताका, असे माझे चालूच. मंडळी दोनदा म्हणाली, "अहो, ऐका ना." मी म्हटले, "आधी अश्व बघ." अश्व गेला, मी फोन ठेवला. रिंगणही काचेतूनच पाहिले, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या मुक्कामी पुतण्याचा फोन आला. काकू पडल्या, पाय मोडला, आज चौथा दिवस. मी मटकन खाली बसलो. काल तिच्या डोक्यामागे उशी होती! भर दुपारी उशी. डोळ्यांसमोर होती, पण मी पाहिली कुठे?

लगेच फोन लावला. म्हटले, "आता मी बोलत नाही, तू सांग." ती पायाचे बोललीच नाही. शेळीला दोन करडे झाली, एक अगदी पांढरेशुभ्र आहे, हेच सांगत राहिली. बाहेर हरिपाठ सुरू झाला होता. मी तंबूत बसून करडांचे ऐकत होतो.