हातातून काय सोडलं?

हुबळीतल्या एका उद्योजक मेळाव्यात एक वाक्य कानावर आलं, "साहेब डिजिटल झाले की संस्था आपोआप पुढं जाते." टाळ्याही पडल्या. तो 'आपोआप' काही केल्या डोक्यातून जाईना.

संगणकानं कामं झटपट होतात, हे आता नव्यानं सांगायला नको. पण यंत्र विकत आणणारा प्रमुख वेगळा आणि यंत्रापायी आपल्या माणसांच्या हातातला अधिकार काढून घेणारा वेगळा. पहिल्याला पैसा पुरतो. दुसऱ्याला वाईटपणा घ्यावा लागतो.

हुबळीतल्याच अमरगोळच्या बाजार समितीचं बघा. पूर्वी टेंडरच्या पद्धतीत खरेदीदार चिठ्ठीवर भाव लिहून पेटीत टाकायचे. चिठ्ठ्या फोडून जुळवेपर्यंत पडद्याआड काय ठरलं, हे शेतकऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. 2014 मध्ये कर्नाटक सरकारनं एनसीडीईएक्स स्पॉटच्या भागीदारीत 'राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस' ही कंपनी काढली. वनसेवेतले अधिकारी मनोज राजन तिचे प्रमुख झाले आणि राज्यातल्या बाजार समित्या टप्प्याटप्प्यानं एका ऑनलाइन व्यवस्थेत आल्या. आता गेटवरच लॉटला नंबर पडतो. वेळ संपेपर्यंत एकाचा भाव दुसऱ्याला दिसत नाही. भाव पटला नाही तर शेतकरी नकार देतो.

लेखक निकोलस कार यांनी 2003 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मांडलं होतं की, माहिती तंत्रज्ञान विजेसारखं सगळ्यांना मिळू लागलं की त्याच्या जोरावर कुणीच पुढं राहत नाही. मला हे निम्मंच पटतं. संगणक सगळ्यांकडे असेल. चिठ्ठीवरची पकड सोडायची तयारी सगळ्यांकडे नसते. चढाओढीत फरक पडतो तो तिथं.

जरा विषयांतर करतो. जाणता व्यापारी शेंगांचं पोतं उघडतो, मूठभर शेंगा कानाजवळ हलवतो, दोन फोडतो, दाणा चोळून बघतो, आणि ओल किती, दाणा किती भरलाय ते ओळखतो. या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हे ज्ञान पोत्यापाशी उभं राहणाऱ्याचंच. लांबच्या गावी पडद्यासमोर बसलेल्या खरेदीदाराला ते कसं कळावं?

हा प्रश्न पडला आणि माझा सिद्धांत डळमळला. या व्यवस्थेचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. राजन स्वतः त्याचे सहलेखक. त्यानुसार या व्यवस्थेमुळं भाताचा भाव 5.1, भुईमुगाचा 3.6 आणि मक्याचा 3.5 टक्क्यांनी वाढला. इतर काही मालाच्या भावात मात्र फरक पडला नाही. यंत्र तेच, प्रमुख तोच, सोडलेला अधिकारही तोच! म्हणजे नुसती पकड सोडूनही भागत नाही. खरेदीदारांत चुरस हवी, बोली लावणं सोपं हवं, आणि लांबच्या माणसानं विश्वास ठेवावा अशी प्रतवारी हवी.

म्हणून आता मी म्हणेन की, डिजिटल नेतृत्वाची खरी परीक्षा उद्घाटनानंतर सुरू होते. अधिकार सोडणं ही पहिली पायरी. रिकाम्या झालेल्या जागी भरवशाची व्यवस्था उभी करणं हे खरं काम. आपल्या संस्थेत नवी प्रणाली आली असेल, तर प्रमुखांना दोन प्रश्न जरूर विचारा: तुम्ही हातातून काय सोडलंत, आणि त्या जागी काय उभं केलंत?