मौनाला तटस्थता म्हणू नका

‘समुपदेशकाने बाजू घ्यायची नसते.’ गे आणि बायसेक्शुअल पुरुषांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की नाशिकच्या जाणत्या डॉक्टरांकडूनही हे वाक्य ऐकू येतं. अफर्मेटिव्ह समुपदेशन, म्हणजे समलिंगी कल हा आजार न मानता तो स्वीकारून केलेलं समुपदेशन, ही नुसती पाठ थोपटणं, चळवळ दवाखान्यात आणणं आहे, असं त्यांचं म्हणणं. यातल्या काहींविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा आक्षेप तसाच सोडून देववत नाही.

नाशिकमधल्या सातपूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेला, खानदेशातून आलेला पंचविशीचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. श्रमिकनगरात चौघांत एक खोली. रात्रपाळीहून आल्यावरही झोप नाही, छातीत धडधड. गावाहून आईचा फोन : स्थळ आलंय, फोटो पाठव. असा मुलगा कधीतरी समुपदेशकासमोर बसतो आणि अडखळत सांगतो, मला मुलंच आवडतात. समोरचा माणूस काही न बोलता वहीत लिहीत राहिला, तर मुलाने काय समजावं? या विषयावर त्याने जन्मभर शिव्या तरी ऐकल्या, नाहीतर शांतता. त्यामुळे ही शांतताही त्याला निकालच वाटणार. ‘हा आजार नाही’ हे तिथे स्पष्ट उच्चारावंच लागतं. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ साली हे जाहीरपणे सांगितलं आहे; ते सांगणं म्हणजे प्रचार कसा?

असं समुपदेशन हे पाश्चात्त्य खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्व्यांकडे पाहावं. १९२७पासून १९५३पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. लाजेने, भीतीने पोखरलेले वाचक त्यांना पत्रं लिहीत आणि कर्वे मासिकातून उत्तरं देत. हस्तमैथुनावर, समलिंगी आकर्षणावरही. पत्र लिहिणाऱ्याला त्यांनी पापी ठरवलं नाही, की थातुरमातुर उपदेशावर त्याची बोळवण केली नाही. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. पण घाबरलेल्या माणसाच्या प्रश्नाला ज्ञानाने उत्तर द्यावं, ही भूमिका मराठी मुलखात तेव्हापासूनची आहे. मला कर्वे या उपचारपद्धतीचे पूर्वज वाटतात, आणि त्यांना तटस्थ म्हणण्याची कुणाची छाती होईल असं वाटत नाही.

खरी तटस्थता कमवावी लागते. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याचं प्रकरण आलं, तेव्हा न्या. आनंद वेंकटेश आधी स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसले, आपले समज तपासून घेतले आणि मग निकाल दिला. त्या निकालाच्या पाठोपाठ २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने समलैंगिकता ‘बरी करण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरी त्याच आयोगाच्या २०२४च्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त अवतरले आणि टीका झाल्यावर तो उल्लेख मागे घ्यावा लागला. राज्यभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. सातपूरच्या मुलाला भेटणारा डॉक्टर बहुधा तिथूनच पास झालेला असेल.

आता माझ्या बाजूच्या लोकांशी थोडं भांडण. इलान मेयर या अभ्यासकाने मांडलेली अल्पसंख्याकांवरच्या ताणाची कल्पना मला पटते : सतत सावध राहणं, आवाज सांभाळणं, चॅट पुसणं यांनी माणूस आजारी पडतो. या विचारावर जॉन पाचांकिस यांनी अमेरिकेत दहा सत्रांची समुपदेशनाची पद्धत बेतली. २०१५मधल्या छोट्या चाचणीत तिचा फायदा दिसला. २०२२मधल्या २५४ तरुणांच्या चाचणीत तो तितका ठळक राहिला नाही. म्हणून ही पद्धत रामबाण आहे असं मी म्हणणार नाही. शिवाय न्यूयॉर्कमध्ये ‘मोकळेपणाने सांगून टाक’ हा सल्ला धीर देतो. श्रमिकनगरात त्याच सल्ल्याने खोली जाते, काम जातं. कधी, कुणाला, किती सांगायचं हे त्या मुलानेच ठरवावं.

एका बाबतीत मात्र समुपदेशकाने आणखी पुढे जावं असं मला वाटतं, आणि ती बाब लग्नाची. ‘लग्न झालं की सगळं ठीक होतं’ हा घराघरातला उपचार. त्यात न विचारता ओढली जाते ती नाशिक, धुळे, नगरची एखादी मुलगी, जिचा आवाज समुपदेशनाच्या खोलीत कधीच पोहोचत नाही. मुलाला धीर द्यायचा आणि त्या लग्नाबद्दल गप्प बसायचं, हा स्वीकार अपुरा आहे. लपवून लग्न केलं तर आणखी एक माणूस होरपळेल, हे त्याला मायेने पण ठामपणे सांगायला हवं; आईला नकार कसा द्यायचा, तारीख कशी लांबवायची, घरातली कुठली मावशी किंवा बहीण ऐकून घेईल, याची तयारी त्याच्यासोबत करायला हवी. बायसेक्शुअल मुलाचा प्रश्न वेगळा : त्याचं लग्न खोटं असेलच असं नाही, पण होणाऱ्या बायकोला न सांगता केलेलं असू नये.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने हे बोलणं मराठीत आणलं. आता ते सातपूरला पोहोचायला हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क देतो. त्र्यंबक रस्त्यावरच्या कामगार रुग्णालयात अशा समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेला एक समुपदेशक, दार बंद होणारी एक खोली आणि रात्रपाळी करणाऱ्याला जमेल अशी वेळ, एवढं नाशिककरांनी मागून घ्यावं.