बेलवलकरांचं बक्षीसपत्र

निवृत्तीची तयारी कशी करू नये, हे मराठीत सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते नाशिकच्या कुसुमाग्रजांनी. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’बद्दल आपण बोलतो ते कृतघ्न मुलांच्या अंगानं. मला मात्र हल्ली त्यातल्या निवृत्त नटाचा, गणपतराव बेलवलकरांचा, व्यवहार आठवतो. सत्कार झाला, आणि होतं नव्हतं ते मुलांत वाटून गृहस्थ मोकळे झाले. स्वतःच्या नावावर एक पासबुक असतं तर शोकांतिका टळली असती, असं म्हणणं नाटकावर अन्याय करणारं आहे. पण घर सोडायची वेळ आली तेव्हा जायला जागा असती.

हा व्यवहार अजून चालतो. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यातून माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडतो. शाल-श्रीफळ मिळतं, फंड आणि ग्रॅच्युइटीचा आकडा खात्यात पडतो. एवढी रक्कम त्यानं आयुष्यात एकत्र पाहिलेली नसते, आणि ती किती आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाच्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट, मुलीचं लग्न, गावाकडचं घर. वर्षभरात उरतं ते पेन्शन.

नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून जुन्या सरकारी पेन्शनवर निवृत्त झालेल्याचं एक वेळ भागतं. त्याला महागाई भत्ता आहे. कारखान्यातल्याला 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचं सूत्र असं: वेतन गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पण हिशेबात धरायचं वेतन 2014 पासून 15,000 रुपयांवर अडवलेलं. हातात पन्नास हजार पगार घेणाऱ्यालाही तीस वर्षांच्या नोकरीवर साडेसहा हजारांच्या आसपासच मिळणार, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. किमती वर्षाला सहा टक्क्यांनी वाढल्या तर बारा वर्षांत दुप्पट होतात, चोवीस वर्षांत चौपट. तो ब्याऐंशीचा होईल तेव्हा त्या पेन्शनमध्ये आजच्या सोळाशे रुपयांचं सामान येईल. किमान पेन्शन तर 1,000 रुपये. ते वाढावं म्हणून बुलढाण्यात पेन्शनरांनी साखळी उपोषण केलं. त्यांची मागणी रास्तच आहे. पण ती मान्य होईपर्यंत कारखान्यातल्या माणसाचं खरं पेन्शन म्हणजे फंडाची ती रक्कमच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल 30 लाख ठेवता येतात. आठ टक्के व्याज धरलं तर महिन्याला 20,000. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटमध्ये नेमके हेच वीस हजार जातात, हे निरोप समारंभात कुणी सांगत नाही.

घराचंही तेच. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्रानं द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. द्यायला इतकं सोपं! परत मिळवायला मात्र 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 धरून प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे, पोटच्या मुलाविरुद्ध उभं राहावं लागतं. तिथंही सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दाखवायचं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि डोळे मिटेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. तरी माणसं बक्षीसपत्राकडे वळतात, कारण मृत्युपत्र करणं अभद्र वाटतं आणि हयातीत देण्यात मोठेपणा आहे. बेलवलकरांनाही तो मोठेपणाच हवा होता, असं मला वाटतं. टाळ्यांची सवय लागलेल्या माणसाची ती शेवटची टाळी.

त्यांची दुसरी अडचण पैशाची नव्हती. रंगमंच सुटला तरी भूमिका सुटल्या नाहीत, आणि घरात प्रेक्षक नव्हते. शिफ्टच्या माणसाचंही असंच होतं. तीस वर्षं पोटाची भूक आणि झोप भोंग्यावर लावलेली. भोंगा थांबला की सकाळी अकरा वाजता घरात कुठं बसायचं इथपासून प्रश्न. बायकोच्या स्वयंपाकघरात सुपरवायझर होऊन फिरणारे काहीजण मी पाहिले आहेत. ‘आता छंद जोपासा’ असं निरोपाच्या भाषणात सांगतात. सार्वजनिक वाचनालय नाशिक शहरात 1840 पासून उघडं आहे. पन्नाशीपर्यंत ज्यानं एकाही रविवारी त्याची पायरी चढली नाही, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी केवळ वेळ आहे म्हणून चढत नाही. फंडासारखंच आहे हे. आधीपासून कापून ठेवावं लागतं.

आणि बायको? तिला निवृत्ती नाही, तिचं वय कुठल्या योजनेच्या सूत्रात नाही. बहुतेक घरांत मागं उरणार मात्र तीच आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची बँकेत रांग लागते. सोबत आलेल्या बायका बाकावर बसलेल्या असतात. कागदांची फाइल नवऱ्याच्या काखेत. तिच्यात काय आहे, वारस म्हणून कुणाचं नाव आहे, असं विचारलं तर बहुतेकींना फाइलचा रंग तेवढा सांगता येतो.