आज्ञेवाचून लोकसंग्रह

अनेक माणसे एका ध्येयाशी बांधली जातात ती कशाने? तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या चरित्रात याचे उत्तर आहे. इ. स. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढाच अधिकार उरला. सत्ता सरली, तरी कर्तव्य सरले नव्हते. राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र आणले. मार्ग भिन्न, पण रुग्णाचे दुःखनिवारण हे साध्य सर्वांचे एकच. राजे स्वतः व्यासंगी. त्यांच्या स्वाक्षरीचे ग्रंथ तेथे आजही आहेत.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचे मर्म हेच की, श्रेष्ठाचे आचरण हाच इतरांस उपदेश होय. १८५५ साली ते संस्थान खालसा झाले. ग्रंथालय मात्र टिकले आणि १९१८ साली सर्वांस खुले झाले.

ज्या गृहस्थाचा शब्द घरात चालेनासा झाला असेल, त्याने खिन्न होऊ नये. मुलांनी वाचावे असे वाटत असेल, तर प्रथम आपण ग्रंथ उघडून बसावे.