बस घेण्याआधी

वुस्टर, इंग्लंड
मार्च महिना

चि. सोनू यास,


तू पाठवलेले फोटो तुझ्या काकांनी आणि मी दोनदोनदा पाहिले. फोक्सवॅगनची मधोमध दुभागलेल्या काचेची बस, वर पांढरी, खाली आकाशी, आत नवे पडदे. विकणारा म्हणतो की गाडी पार नव्यासारखी केली आहे, आणि या आठवड्यात बयाणा आला नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. सूनबाईला ती आवडली, मुलांनी तर तिचं नावही ठेवलंय. तरी सांगते, बयाणा देऊ नकोस. या उन्हाळ्यात कुठलीच गाडी घेऊ नकोस. हा उन्हाळा अशा गाड्या सांभाळणाऱ्या माणसांत घालव आणि गाडीचं सप्टेंबरनंतर बघ.

तुझा हिरमोड होईल हे मला कळतं, म्हणून कारण नीट सांगते. चाकणच्या कारखान्यात तू जी गाडी ओळखायला शिकलास, ती बिघडली की वर्कशॉपात संगणक जोडतात आणि दोष पडद्यावर दिसतो. ही गाडी तशी बोलत नाही. तिचे कॉन्टॅक्ट पॉइंट, कार्ब्युरेटर, टॅपेट हे सगळं हाताने लावायचं असतं, आणि ते ज्यांना यायचं ते गॅरेजवाले इथेही म्हातारे झाले. आज हे ज्ञान मुख्यतः उरलंय ते या गाड्यांच्या मालकांकडे. त्यांच्या ओळखीशिवाय ही गाडी ठेवणं म्हणजे दर बिघाडाला अनोळखी माणसापुढे पाकीट उघडून उभं राहणं.

तुझ्या मनात ही गाडी म्हणजे हणजूणचा किनारा आणि लांब केसांचे गोरे. ते खोटं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा रस्ता तुडवत अशा कितीतरी गाड्या गोव्याला पोचल्या. १९७९मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज यांनी तो रस्ता मिटवला. पण मुळात ही मालवाहू गाडी. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने एप्रिल १९४७मध्ये आपल्या वहीत तिचं ओबडधोबड चित्र काढलं, १९५०मध्ये वोल्फ्सबुर्गला ती बनायला लागली आणि १९५६पासून हॅनोव्हरला. पाववाले, नळवाले, रंगारी यांनी ती वापरली. थोडे बोल्ट सोडवले की इंजिन मागून खाली उतरतं. मालकाने स्वतः पान्हा हातात घ्यावा अशीच ती बांधलेली आहे, आणि मला तिच्या देखणेपणापेक्षा हे जास्त प्रिय आहे.

आता कोणती घ्यावी ते. दुभागलेल्या काचेची बस जर्मनीत १९६७पर्यंत बनली. ती आता संग्राहकांची झाली आहे आणि किंमतही तशीच. दोन मुलं घेऊन हिंडायचं तर १९६७ नंतरची, एकसंध वाकदार काचेची घे. तिला इथे 'बे' म्हणतात. त्यातही १९७१च्या मॉडेलपासूनची, कारण तेव्हापासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. आतली मांडणी कोणाची आहे तेही विचार. जर्मनीत वेस्टफालिया, इथे सिडमथची डेव्हन, एसेक्समधली डॅनबरी, फोकस्टनची डॉरमोबील, जिचं छप्पर एका कुशीवर बिजागरी लावून उघडतं. प्रत्येकाचा पलंग वेगळा, कपाट वेगळं. फोटोंवरून यातलं काही कळत नाही. रात्री त्या पलंगावर आडवं होऊन बघावं लागतं, आणि तसं कोण करू देईल, तर ओळखीचाच माणूस.

इंजिनाच्या आवाजावर भाळू नकोस. इंजिन पुन्हा बांधता येतं, बदलताही येतं. पत्रा मात्र बघ, कारण या गाडीला खाली वेगळा सांगाडा नाही. पत्रा आणि त्याला जोडलेले आडवे-उभे पट्टे मिळूनच तिचा कणा होतो. दाराखालच्या पट्टीला सिल म्हणतात. त्यात पत्र्याचे तीन थर असतात, बाहेरचा, मधला आणि आतला. पाणी शिरतं आतून आणि गंज बाहेर दिसतो तेव्हा आतले दोन थर बहुधा गेलेले असतात. लबाड विक्रेता फक्त बाहेरचा थर नवा लावतो, वर रंग मारतो. म्हणून गाडीखाली आडवं पडायचं. जॅक लावायच्या जागा, सिलला धरून ठेवणारे आडवे हात, पुढच्या चाकांच्या कमानींची मागची बाजू, इंजिनाच्या कप्प्यात बॅटरी ठेवायचा पत्रा, समोरच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे आणि छताभोवतीची पन्हळ, एवढं विजेरीच्या उजेडात पाहायचं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक रंगावरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. पुढच्या सीटच्या मागे एक छोटी धातूची पाटी असते, तिच्यावर बांधणीची तारीख, मूळ रंग आणि कारखान्यात काय काय बसवलं होतं हे आकड्यांत कोरलेलं असतं. पाटी नसेल किंवा जुळत नसेल तर कारण विचार. ब्राझीलमध्ये ही गाडी २०१३पर्यंत बनत होती आणि तिकडच्याही गाड्या इकडे आल्या आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ब्राझीलची गाडी जर्मन म्हणून विकली जाऊ नये.

विकणारा तुला सांगेल की एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, गरजच नाही. मोठे फेरफार न झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या गाडीला मे २०१८पासून तपासणीची सक्ती नाही, हे खरं. पण कायद्याने सोडलं म्हणून गंज सोडत नाही. ताजी तपासणी करून मागायची. जो नाही म्हणेल त्याच्याकडून निघून यायचं. जुन्या तपासण्यांचे शेरेही गाडीच्या नंबरावरून सरकारी नोंदींत मोफत पाहता येतात. आठ वर्षांपूर्वी तपासनिसाने कुठे गंज लिहिला होता ते वाच आणि त्याच जागी आधी हात घाल.

हे सगळं मी लिहिलं आणि तू वाचलंस, तरी तुझ्या डोळ्याला ते दिसेलच असं नाही. आपल्याकडे स्थळ बघायला जाताना एक जाणता माणूस बरोबर नेतात, तसा इथेही न्यावा लागतो. तो मिळतो कुठे? जुलैत स्टॅफर्डशरमध्ये वेस्टन पार्कला मेळा भरतो, सप्टेंबरात आमच्याजवळ मॉल्व्हर्नच्या प्रदर्शन मैदानावर मोठा बसमेळा. तिथे शेकडो गाड्या एका नजरेत येतात, सुट्या भागांचा बाजारही लागतो. पण माझा जीव रमतो तो छोट्या मेळ्यांत. कुणाच्यातरी शेतात शनिवार-रविवार पंधरा-वीस बस येऊन थांबतात, आणि ज्याच्या गाडीला जे दुखणं असेल ते सगळे मिळून काढतात. त्याला 'टेकेंडर' म्हणतात. कुणी निवृत्त वेल्डर, कुणी शाळेत शिकवणारी बाई, कुणी विशीतला पोरगा ज्याला आजोबांची बस मिळाली. एकाचं इंजिन गवतावर उतरलेलं असतं आणि चौघं वाकून बघत असतात. पैसे कुणी मागत नाही. सुटे भाग लागले तर त्याची किंमत, बाकी चहा.

तू तिथे गाडीविना जा, तंबू घेऊन. कुणी हसणार नाही. पान्हे उचलून दे, हात काळे कर, ऐक. तिथे टॅपेट शिकशील: इंजिन पूर्ण थंड असताना, सोळाशे सीसीला ०.१५ मिलिमीटरची फट, फीलर गेजची पट्टी हलका अडथळा देत सरकली पाहिजे. तिसऱ्या सिलिंडरकडे सगळे जास्त लक्ष का देतात हेही कळेल. जुन्या रचनेत ऑइल कूलर थंड हवेच्या वाटेतच बसतो, त्यामुळे तो सिलिंडर जास्त तापतो आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी मोडतो. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या शोभेच्या नाहीत. गरम हवा परत आत जाऊ नये म्हणून त्या आहेत. त्या काढून टाकलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नकोस.

एका गोष्टीची मला खरी भीती वाटते, ती आगीची. पेट्रोलची रबरी नळी तडकते, पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकतं आणि पाहता पाहता गाडी जाते. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. गाडी आली की पहिल्याच दिवशी सगळ्या नळ्या बदल, इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घाल, सुपर पेट्रोल भर, इंजिनाच्या कप्प्यात आपोआप सुटणारं अग्निशामक बसव. आणि आत झोपताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपायचं नाही.

मुलांचं म्हणशील तर धाकटी अजून तीनची नाही. मागे पट्टे नसलेल्या गाडीत तिला मागे बसवून नेणं इथे कायद्यालाच मंजूर नाही. तुझ्या फोटोतल्या मागच्या बाकाला मला पट्टे दिसले नाहीत. नुसते पट्टे नव्हे, ते ज्या पत्र्यात बोल्ट केलेत तो पत्रा मजबूत केलेला हवा. हे एका जाणत्याला खालून दाखवल्याशिवाय मान्य करू नकोस.

स्कॉटलंडची सफर पुढच्या वर्षावर ठेव. ॲपलक्रॉसचा बेलख ना बा घाट ६२६ मीटरवर चढतो, काही ठिकाणी चढ वीस टक्के आहे. पन्नासेक अश्वशक्तीचं इंजिन तिथे दुसऱ्या, कधी पहिल्या गिअरवर चढतं, आणि उतरतानाही तोच गिअर ठेवायचा, सगळा भार ब्रेकवर टाकायचा नाही. मागे रांग लागली की जागा मिळताच बाजूला थांबून सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं. तिकडे उघड्यावर तंबू ठोकायला मोकळीक आहे, ती मोटारीत झोपणाऱ्याला लागू नाही. कुणाच्या दारात, चराईच्या कुरणात गाडी घालू नकोस. एकाच्या आगाऊपणामुळे सगळ्या बसवाल्यांना मनाईच्या पाट्या वाचाव्या लागतात.

आणि समोरून तशीच बस आली तर हात वर करायचा. इथली रीत आहे. रस्त्याकडेला थांबलेली दिसली तर आपण थांबायचं. म्हणून आम्ही दोन फॅनबेल्ट ठेवतो, एक आमच्यासाठी आणि एक ज्याचा तुटेल त्याच्यासाठी.

सोबत जॉन मुइरचं 'हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह' पाठवते आहे. १९६९चं पुस्तक, पण पीटर ॲशवॅनडेनची चित्रं बघून हात चालायला लागतात. टॅपेटचं प्रकरण आधी वाच.

मे महिन्यातला पहिला मोठा वीकेंड मोकळा ठेव. इथून तासाभरावर टेकेंडर आहे, शेतमालकाला मी तुम्हा चौघांचं सांगून ठेवते. मुलांचे गमबूट आणा, गवत ओलं असतं. विकणाऱ्याला आजच फोन करून नाही सांग, त्याला ताटकळत ठेवू नकोस.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी