कपट शिकवावें काय ?

विद्या शिकविणाऱ्यावर त्या विद्येच्या उपयोगाची जबाबदारी कितपत येते, हा प्रश्न जुनाच आहे. लोहारानें सुरी घडवून दिली म्हणजे तिनें भाजी चिरली जाते कीं गळा कापला जातो, हें पाहणें त्याचें काम नव्हे, असें म्हणून आपण बहुधा मोकळे होतों. परंतु सुरीचें एक बरें आहे. ती कोणास उपदेश करीत नाहीं. पुस्तकाचें तसें नाहीं. विशेषतः नवशिक्यासाठीं लिहिलेलें पुस्तक नेहमीं आज्ञार्थी बोलतें. हें करावें, हें करूं नये, अमुक वेळीं अमुक घ्यावें, ही त्याची भाषा. आणि वाचणारा अजाण असल्यामुळें तो ती निमूटपणें स्वीकारतो. म्हणून प्रवेशिका लिहिणें हें दिसतें तितकें निरुपद्रवी काम नाहीं. त्यांतून ज्या खेळाची प्रवेशिका लिहावयाची, त्यांत दिलेलें वचन मोडणें हें नियमबाह्य नसून विजयाचें एक मान्य साधन असेल, तर लेखणी उचलणाऱ्यानें क्षणभर थांबलेंच पाहिजे. अशा ठिकाणीं कपट शिकवावें काय, आणि शिकवावयाचें तर कसें, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

जो खेळ डोळ्यांपुढें ठेवून हें लिहीत आहें, तो ‘डिप्लोमसी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थानें तो १९५४ मध्यें रचला आणि १९५९ मध्यें स्वतःच्या खर्चानें त्याचे ५०० संच काढले. हार्वर्ड विद्यापीठांत सिडनी फे या इतिहासकाराच्या हाताखालीं तो शिकला होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या कारणांवरील फे यांचा १९२८ चा ग्रंथ हें या खेळाचें एक बीज होय. पट आहे तो १९०१ सालच्या युरोपचा. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, रशिया आणि तुर्कस्तान हीं सात राष्ट्रें सात खेळाडूंकडे असतात. ज्यांच्या बळावर सैन्य पोसतां येतें अशीं ३४ ठाणीं नकाशावर आहेत; त्यांतील १८ ज्याच्या हातीं येतील तो जिंकला. फासे नाहींत, पत्ते नाहींत, दैवाला कोठेंहि जागा नाहीं. प्रत्येक डावापूर्वीं खेळाडूंनीं एकमेकांशीं हवें तें बोलावें, हवे ते तह करावे. मग प्रत्येकानें आपल्या सैन्याच्या आज्ञा गुप्तपणें लिहाव्या आणि त्या सर्वांच्या एकाच वेळीं उघडाव्या. तोंडी वचन कोणासहि बंधनकारक नाहीं, असें नियमच सांगतात. प्रथम हा खेळ एका मेजाभोंवतीं बसून होत असे. १९६३ पासून तो टपालानेंहि खेळला जाऊं लागला. आतां तर संगणकाच्या जाळ्यावर दूरदूरच्या देशांतील सात अनोळखी माणसें, बहुधा दिवसाला एक डाव या गतीनें, आठवडेच्या आठवडे तो खेळत असतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाहीं, आवाज ऐकूं येत नाहीं. दिसतात ते त्याचे शब्द, आणि त्यांवर विश्वास ठेवावा कीं नाहीं एवढाच प्रश्न उरतो.

अशा मंडळींत रोज कोणी तरी नवखा येतो, आणि त्याच्यासाठीं चार पानें लिहून ठेवण्याचें काम कोणा तरी जुन्या खेळाडूकडे येतें. नियमांचीं पानें भराभर लिहून होतात. एका प्रांतांत एकच तुकडी राहूं शकते. सारख्या बळाच्या दोन तुकड्या एकाच प्रांतासाठीं झगडल्या तर दोघीहि जागच्या जागीं राहतात. शेजारच्या तुकडीचा पाठिंबा मिळाला म्हणजे एकीचें बळ दोन होतें आणि समोरची एकटी असेल तर हटते. येथपर्यंत लेखणी अडत नाहीं. अडते ती पुढें. ‘शेजाऱ्याशीं तह करावा’ असें लिहून झाल्यावर ‘आणि तो केव्हां मोडावा’ हें वाक्य लिहावयाचें कीं नाहीं ?

या ठिकाणीं लेखकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सोंवळा. नव्या माणसाला भलतें शिकवूं नये म्हणून तो वचनभंगाचा विषयच टाळतो आणि ‘विश्वासूपणें वागावें’ एवढ्यावर प्रकरण संपवितो. परिणाम असा होतो कीं, ऑस्ट्रिया घेऊन बसलेला नवखा इटलीच्या गोड शब्दांवर विसंबून आपली दक्षिणेची सरहद्द मोकळी सोडतो आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षींच ट्रीस्ट गमावून बसतो. त्याला संताप येतो, आणि तो संताप खोटा नसतो. व्यवहाराचे जे नियम त्याला ठाऊक, त्यांच्या भरंवशावर तो चालला होता. येथें नियम निराळे आहेत, हें त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें. दुसरा वर्ग याच्या अगदीं उलट. त्याला कपटाची चटक लागलेली असते. मित्राच्या पाठींत सुरा कसा खुपसावा याचें वर्णन तो अशा उल्हासानें करितो कीं, खेळ म्हणजे हेंच, असें नवख्यानें समजावें. मग तो शिष्य पहिल्या संधीला एका ठाण्यासाठीं तह मोडतो, आणि दुखावलेला शेजारी उरलेला सगळा खेळ त्याच्या नाशापायीं खर्ची घालतो. एकानें सत्य लपविलें, दुसऱ्यानें तें फुगविलें. शिष्याच्या पदरीं मात्र तें पडलेंच नाहीं.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फार पूर्वींच होऊन गेली आहे. महाभारतांतील द्यूताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. शकुनि निष्णात आहे हें धर्मराजास माहीत नव्हतें असें नाहीं. द्यूतांत कपट असतें हेंहि तो बोलून दाखवितो. तरी तो बसला आणि सर्वस्व हरला. त्याच्यापाशीं नव्हतें तें अक्षहृदय, म्हणजे फाशांचें मर्म. तें त्याला मिळालें वनपर्वांत. नलाची कथा सांगून झाल्यावर बृहदश्व ऋषींनीं त्याला ती विद्या दिली. खुद्द नलानेंहि द्यूतांत राज्य घालविलें तें अक्षहृदय हातीं येण्यापूर्वीं, आणि ऋतुपर्णाकडून तें मिळाल्यानंतर परत जिंकलें. हे प्रसंग वाचतांना एकच विचार मनांत येतो: बृहदश्व सभापर्वांत कां आले नाहींत ? प्रवेशिका मिळाली, पण ती पराभवानंतर मिळाली. आणि त्या सभेंतील दुसरी, याहून घोर गोष्ट अशी कीं, जी पटावर बसलीच नव्हती ती द्रौपदी पणाला लागली. खेळांतलें कपट केव्हां निर्दोष आणि केव्हां सदोष, याच्या दोन्ही कसोट्या या एका प्रसंगांत सांपडतात. जे बसले आहेत त्या सर्वांना मर्म ठाऊक असावें. आणि जे बसले नाहींत त्यांतील कोणीहि पणाला लागूं नये.

पहिली कसोटी आधीं घेऊं. हुतूतूंत हुलकावणी देणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. उजवीकडे जातों असें भासवून तो डावीकडे झेंप घेतो. हें असत्य नव्हे काय? नव्हे, कारण समोरचे सातहि गडी हुलकावणीची वाट पाहूनच उभे असतात. परंतु ज्या पोराला हुतूतू म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, त्याला तीच हुलकावणी रस्त्यांत देऊन पाडलें तर ती दांडगाई ठरते. कृति तीच, अंग तेंच. फरक पडला तो समोरच्याच्या जाणिवेंत. डिप्लोमसींतला वचनभंगहि असाच आहे. शब्द मोडूं शकतो हें जाणून जो बसला त्याच्याशीं तो मोडणें हा डाव. जो जाणत नाहीं त्याच्याशीं मोडणें ही फसवणूक. यावरून प्रवेशिकेचें खरें महत्त्व ध्यानांत येईल. तिच्यामुळें नवखा तयार होतो हें तर खरेंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, तिच्यामुळें जुना खेळाडू निर्दोष होतो. कपटाचें प्रकरण गाळणारा लेखक नवख्याचें शील राखीत नाहीं, तर बाकीच्या सहा जणांना अजाणांशीं कपट करण्याच्या दोषांत लोटतो.

तेव्हां शिकवावें, हें ठरलें. कसें शिकवावें, याचें उत्तर खेळाच्या गणितांतच आहे. आरंभीं रशियाजवळ चार तुकड्या असतात, बाकी सर्वांजवळ तीन तीन. पाठिंबा असलेल्या शत्रूला हटविण्यास त्याहून अधिक पाठिंबा लागतो, आणि तो आरंभीं एकट्याच्या तुटपुंज्या सैन्यांतून निघत नाहीं. शेजाऱ्यापाशींच मागावा लागतो. म्हणजे ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाहीं त्याला पुढें सरकण्याची वाटच फारशी राहत नाहीं. प्रवेशिकेनें कपट सांगावें तें या हिशेबासह सांगावें. वचन हें भांडवल आहे. तें मोडणें म्हणजे मुद्दल खाणें. नेहमीं खरें बोलावें, म्हणजे ज्या एका दिवशीं बोलणार नाहीं त्या दिवसाला कांहीं किंमत येईल. आणि तो दिवस कदाचित् उगवणारहि नाहीं. हें केवळ भाबडेपणाचें बोलणें नव्हे. २०२२ मध्यें मेटा या कंपनीच्या संशोधकांनीं ‘सिसेरो’ नांवाचें एक संगणकयंत्र या खेळांत उतरविलें. शक्य तों प्रामाणिक बोलावें अशाच धोरणानें त्याची घडण केल्याचें त्यांनीं सांगितलें. तें माणसांबरोबर ४० डाव खेळलें आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांच्या वरच्या दहा टक्क्यांत आलें. पुढें २०२४ मध्यें दुसऱ्या अभ्यासकांनीं त्याच्याच संवादांतून फसवणुकीचीं उदाहरणें काढून दाखविलीं. दोन्ही गोष्टी बोधप्रद आहेत. सत्यानें बराच पल्ला गांठतां येतो हें एकींतून दिसतें. आणि जिंकणें हेंच ज्याचें ध्येय, त्याच्या सत्यनिष्ठेला कोठें तरी फट राहतेच, हें दुसरींतून.

लिहिणाऱ्याच्या शीलाचीहि येथें परीक्षा होते. ज्याला तो आज शिकवितो तोच उद्यां त्याच्यासमोर तुर्कस्तान घेऊन बसणार. अशा वेळीं एखादें मर्म हातचें राखून ठेवण्याचा मोह मोठा असतो. वाघाच्या मावशीनें भाच्याला सारें शिकविलें, झाडावर चढणें तेवढें शिकविलें नाहीं, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकानें सांगतों. आणि मांजरीचा प्राण पणाला लागलेला असल्यामुळें तिचें शहाणपण आपल्याला पटतेंहि. परंतु खेळांत कोणाचा प्राण पणाला नसतो. तेथें हातचें राखणें म्हणजे शुद्ध लोभ, आणि तोहि गुरुत्वाचा मान घेऊन केलेला. मैत्रीचें सोंग आणून पटावर मला फसवावें, ही मुभा नियम देतो. गुरूचें सोंग आणून पटाबाहेर फसवावें, ही मुभा कोणताच नियम देत नाहीं. डावांतल्या शब्दाला सीमा आहे. प्रवेशिकेंतला शब्द त्या सीमेच्या बाहेरचा आहे. म्हणून ज्या खेळांत सर्व कांहीं खोटें असूं शकतें, त्याच्या प्रवेशिकेंतलें अक्षर न् अक्षर खरें असलें पाहिजे.

आतां दुसरी कसोटी. प्रवेशिका सांगते: जर्मनीनें आरंभीं हॉलंड व डेन्मार्क घ्यावें, फ्रान्सनें स्पेन व पोर्तुगाल घ्यावें. बेल्जियम, सर्बिया, ग्रीस हीं ‘बेवारशी’ ठाणीं. तीं ज्याच्या हाताला लागतील त्याचीं. पाककृतींत ‘चिमूटभर मीठ घालावें’ असें लिहावें, त्याच सुरांत हें लिहिलेलें असतें, आणि खेळापुरतें त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु १९१४ सालचें खरें बेल्जियम बेवारशी नव्हतें. तेथें माणसें राहत होतीं. दुसरा एक प्रसिद्ध खेळ आहे ‘रिस्क’. आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाचा तो १९५७ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या ४२ प्रदेशांत आपला हिंदुस्थान हा एक प्रदेश; दोन-तीन फासे टाकले कीं हस्तांतर झालें. आपलें मूल तो खेळतांना ‘हिंदुस्थान सोडून द्यावा, राखण्यासारखा नाहीं’ असें सहज म्हणतें, तेव्हां कधीं काळीं परक्यांच्या नकाशावरचा एक रंग होऊन राहिलेल्या लोकांना तें वाक्य किंचित् थबकून ऐकावेंसें वाटणें स्वाभाविक आहे.

येथें कौटिल्याची आठवण होते. त्याचें अर्थशास्त्र ही विजिगीषु राजाची प्रवेशिकाच आहे. शेजारी तो शत्रु, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हा मंडलाचा सिद्धान्त डिप्लोमसीच्या कोणत्याहि नवख्याला पहिल्या दिवशीं उपयोगी पडेल. संधि केव्हां करावा, केव्हां मोडावा, हें त्यानें तिळमात्र संकोच न करतां सांगितलें आहे. परंतु त्याच ग्रंथांत प्रजेच्या सुखांतच राजाचें सुख आहे असेंहि त्यानें लिहून ठेविलें. कारण त्याच्या पटावर प्रजा होती. खेळाच्या पटावर ती नाहीं, आणि म्हणूनच तेथील विजय निष्पाप आहे. ठाणें गेलें तर तुकडी उचलून डब्यांत ठेवावयाची. कोणाच्या घरीं रडारड होत नाहीं. दोष उत्पन्न होतो तो ही उणीव विसरून पटावरची रीत बाहेर नेली म्हणजे. कचेरींत, संस्थेंत, भाऊबंदकींत ‘हा तर डावच आहे’ असें म्हणून जो शब्द मोडतो, तो अशा माणसांना पणाला लावतो कीं जीं खेळावयास बसलींच नव्हतीं. द्रौपदीनें सभेला विचारलेला प्रश्न त्यालाहि विचारला पाहिजे.

म्हणून अशा प्रवेशिकेचें शेवटचें पान युक्त्यांचें नसावें. त्यावर दोन गोष्टी असाव्या. एक अशी कीं, हरतां हरतां खेळ सोडून जाऊं नये. जाळ्यावरील खेळांत हा रोग फार आहे. एक जण न सांगतां नाहींसा झाला कीं त्याच्या तुकड्या नुसत्या उभ्या राहतात, शेजाऱ्याला फुकटचा लाभ होतो आणि बाकीच्यांचे आठवडे वायां जातात. पटावर दिलेलीं सारीं वचनें मोडण्याची मोकळीक आहे. पण ‘मी शेवटपर्यंत बसेन’ हें जें न बोलतां दिलेलें पहिलें वचन, तें मोडण्याची नाहीं, कारण इतर सर्व वचनांचा खेळ त्या एकावरच उभा आहे. दुसरी गोष्ट, डाव संपल्यावर ज्याला फसविलें त्याला, आणि ज्यानें फसविलें त्यालाहि, दोन शब्द खरे लिहावे. पट मिटला हें कळण्याची दुसरी खूण नाहीं.